हडसनवर परवानगी कुणाकडं मागायची?

मी न्यू जर्सीत फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे. मध्ये एक पोरगा आला, बारामतीला शिकलेला, भारतातल्या लायसन्सवर इथलं प्रायव्हेट सर्टिफिकेट काढलेलं. हात एकदम सफाईदार. पण निघायच्या आधी विचारतो काय, "सर, एडीसी नंबर कुठून घ्यायचा?" बरोबरच आहे त्याचं, तिकडं क्रॉसकंट्रीला, म्हणजे एका विमानतळावरून लांबच्या दुसऱ्या विमानतळाला, निघायचं म्हणजे फ्लाइट प्लॅन भरा, फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर घ्या, एअर डिफेन्सचा एडीसी नंबर घ्या, मग चाक हलणार. इथं व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडत, जाताना साधारणपणे प्लॅनसुद्धा सक्तीचा नाही म्हणल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला.

त्यात मी त्याला घेऊन गेलो हडसन नदीवर. मॅनहॅटनच्या शेजारून, 1100 फुटांवर, आणि कंट्रोलर कुणीच नाही! रेडिओवर 123.05 लावायचं आणि आपण कुठं आहोत, कुठं चाललोय, किती उंचीवर, हे आपलं आपण बोलायचं, आल्पाइन टॉवर (हा नदीकाठचा नुसता मनोरा, कंट्रोलरचा टॉवर नव्हे), साउथबाउंड, 1100. स्पीड 140 नॉटच्या आत, लाइट चालू, आपल्या उजव्या काठानं चालायचं. 8 ऑगस्ट 2009 ला इथंच पायपर हे छोटं विमान आणि हेलिकॉप्टरची टक्कर होऊन नऊ माणसं गेली, त्यानंतर हे असं बोलणं सक्तीचं झालं. पोरगा रेडिओवर मस्त बोलत होता पण नजर सारखी आत, मी म्हणतोय बाहेर बघ रे, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीभोवती हेलिकॉप्टरं फिरतायत आपल्या खाली. तेवढ्यात 1250 झाले. वर 1300 ला क्लास ब्राव्हो, म्हणजे मोठ्या विमानतळांभोवतीची कंट्रोलरच्या ताब्यातली हद्द, सुरू, आणि तिथं नुसतं बोलून भागत नाही, "क्लिअर्ड" हा शब्द कानानं ऐकावा लागतो. विमानाचं नाक खाली दाबलं मी.

खरी गंमत परत येताना. कॉल्डवेल विमानतळाच्या टॉवरला हाक मारली, त्यांनी आमचा कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, घेऊन "स्टँडबाय" म्हणलं, तर हा लगेच बाहेरच गिरकी मारायला लागला. अरे, ही क्लास डी आहे, टॉवर असलेल्या छोट्या विमानतळाभोवतीची हद्द, आपला कॉलसाइन घेतला म्हणजे संपर्क झाला, जा आत! नुसतं "एअरक्राफ्ट कॉलिंग, स्टँडबाय" म्हणाले असते तर मात्र थांबायचं. त्याला पटेना, वही काढून लिहून घेतलं त्यानं. उतरल्यावर म्हणाला, बहीण इंग्लंडला असते, तिथंही उडवायचंय. म्हणलं उडव की, पण तिथल्या डी मध्ये असा घुसू नकोस, तिथं क्लिअरन्स लागतो.