तेराव्या वॉर्डातला बुर्मा

शनिवार, रात्री उशिरा

आज 'तोल्बियाकच्या पुलावरचं धुकं' वाचून संपवली. लेओ मालेची 1956 ची कादंबरी, खासगी डिटेक्टिव्ह नेस्तोर बुर्माची. खुनी कोण ते कळलं की रहस्यकथा मिटते, असा आजवरचा अनुभव. इथे शेवटचं पान झालं आणि मी पुन्हा पहिलं पान काढून, शेजारी नकाशा उघडून बसले. कारण ही सगळी गोष्ट पॅरिसच्या तेराव्या वॉर्डात, माझ्या घरापासून पायी फिरता येईल एवढ्या टापूत घडते. ज्या रस्त्यावरून मी रोज दूध आणि पाव आणते, त्या रस्त्यावर बुर्माचा पाठलाग होतो.

मालेने 1954 मध्ये ठरवलं की पॅरिसच्या प्रत्येक वॉर्डासाठी एक कादंबरी लिहायची. वॉर्ड 20, म्हणून कादंबऱ्या 20. मालिकेला नाव दिलं 'पॅरिसची नवी रहस्यं'. शंभरएक वर्षांपूर्वी यूजेन स्यूने 'पॅरिसची रहस्यं' लिहून सगळ्या शहराला वेड लावलं होतं, त्याची आठवण ठेवून. 1959 पर्यंत 15 लिहून झाल्या आणि पुढे मालिका थांबली.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माले पत्ता लपवत नाही. त्याच काळात कॅलिफोर्नियात रहस्यकथाकार रॉस मॅकडोनाल्ड स्वतःच्या सांता बार्बरा गावाला सांता तेरेसा असं नाव देऊन लिहीत होता. त्यालाही तोड नाही, पण ती वेगळी रीत. माले रस्ता सांगतो, कोपरा सांगतो, कुठल्या मेट्रो स्टेशनवर उतरायचं ते सांगतो. बुर्माचं ऑफिस दुसऱ्या वॉर्डात, रू दे पेती-शाँ या रस्त्यावर. तिथे सेक्रेटरी एलेन शातलँ बसते. पोलिसातला फारू आणि वर्तमानपत्रातला कोवे ही माणसं काल्पनिक, पण ती ज्या फुटपाथवर उभी राहून बोलतात तो फुटपाथ खरा.

लहानपणी परळला आजोबांच्या ट्रंकेत बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं असायची. झुंजार, काळा पहाड. आजोबा गिरणीतून आले की चहाबरोबर एक पुस्तक घ्यायचे आणि आम्ही मुलं त्यांच्या मागे उभी राहून वाचायचो. रहस्यकथा हलकी, ही समजूत आमच्या घरात कधी नव्हती, त्याचा मला आज फार फायदा झाला असं वाटतं.

रविवार

थंडी होती, पण पाऊस नव्हता. पुस्तक बॅगेत टाकून निघाले.

सुरुवात साल्पेत्रिएर हॉस्पिटलपासून, कारण कादंबरीची सुरुवात तिथली. बुर्माला एक पत्र येतं. लिहिणारा आबेल बन्वा, हॉस्पिटलात पडून आहे, जुना सोबती म्हणून हाक मारतोय. बुर्माला हे नावच आठवत नाही. तो पोचतो तेव्हा माणूस गेलेला असतो. मग अंगावरच्या गोंदणावरून ओळख पटते: 'ना देव, ना मालक'. हा लनांते. तरुणपणी बुर्मा आणि तो एकाच वसतिगृहात राहत होते, दोघंही अराजकवादी, दोघंही उपाशी.

साल्पेत्रिएर म्हणजे मूळची सोऱ्याची कोठी, बंदुकीच्या दारूचा कारखाना. 1656 मध्ये चौदाव्या लुईच्या हुकमाने तिथे गरिबांना डांबायची सोय झाली. नाव हॉस्पिटल, काम कोंडवाड्याचं; भिकारी, वेश्या, वेड्या ठरवलेल्या बायका. पुढे एकोणिसाव्या शतकात डॉक्टर शार्को इथेच मज्जासंस्थेच्या आजारांवर व्याख्यानं देत असे. आज तिथे मोठं आधुनिक रुग्णालय आहे, आणि मधोमध जुन्या चॅपेलचा अष्टकोनी घुमट. पॅरिसमध्ये देखण्या हॉस्पिटलांना तोटा नाही. मालेने अराजकवाद्याचं मरण नेमकं इथे ठेवलं. तीनशे वर्षं गरिबाला जिथे आणून टाकलं जात होतं, तिथे. हे त्याने कुठे बोलून दाखवलेलं नाही. जागा सांगितली की तेराव्यातल्या वाचकाला उरलेलं कळत होतं.

तिथून बुलेव्हार्ड व्हँसाँ-ओरिओलने वर चालत गेले. डोक्यावरून सहा नंबरची मेट्रो धडधडत जाते. बुर्माच्या वेळी या रस्त्याचं नाव बुलेव्हार्ड द ला गार होतं आणि इथे साखरेचा मोठा कारखाना होता. आता इमारती, शाळा, एक सुपरमार्केट.

लनांते राहायचा ती बोळ, पासाज दे ओत-फॉर्म, तोल्बियाक रस्त्याच्या जवळच. पुस्तकात ती अंधारी, ओलीचिंब, भंगार आणि चिंध्या गोळा करणाऱ्यांची. आज तिथे क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क या वास्तुरचनाकाराने 1979 मध्ये पुरी केलेली वसाहत उभी आहे, पांढऱ्या उंच इमारती, मध्ये छोटासा रस्ता आणि मोकळा चौक. सरकारी भाड्याची घरं आहेत आणि चांगली आहेत, हे मुद्दाम लिहून ठेवते. कमानीखालून दोन मुलं स्कूटर ढकलत गेली, वरच्या एका खिडकीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. बोळ गेली याचं दुःख करावं असं मला वाटलं नाही. ओलीत, एका नळावर कुणी राहावं असं ज्याला वाटतं, तो तिथे राहिलेला नसतो. पण लनांते कुठे राहत होता हे आता फक्त त्या पुस्तकात उरलंय, आणि ते तिथे आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

मग पूल. तोल्बियाक नावाचे पूल दोन होते. सेन नदीवरचा 1882 पासून आहे, अजून आहे. दुसरा लोखंडी, ऑस्तरलित्झ स्टेशनच्या रुळांवरून जाणारा. जाक तार्दीने 1982 मध्ये या कादंबरीवर काळ्या-पांढऱ्या चित्रांचं पुस्तक केलं, त्यात तो असा काही उभा केलाय की एकदा पाहिलेला विसरत नाही: कैच्या, रिव्हेट, खाली रुळांची जाळी, सगळ्यावर धुकं. तो पूल 1996 मध्ये पाडला. त्या सगळ्या पट्ट्यात, जवळपास 130 हेक्टरमध्ये, 1991 पासून नवं शहर उभं राहतंय. रुळांवर स्लॅब टाकून वर रस्ते, ऑफिसं, घरं बांधली. मी आज ज्या सपाट, रुंद आव्हन्यू द फ्रान्सवर उभी होते, त्याच्या खाली गाड्या धावत होत्या आणि पायाला काही जाणवत नव्हतं. त्याच भागात नवं राष्ट्रीय ग्रंथालय, काचेचे चार मनोरे, उघड्या पुस्तकासारखे उभे. तेही लोकांसाठी 1996 मध्येच उघडलं.

मी नोकरी करते ते विद्यापीठही याच पट्ट्यात, जुन्या पिठाच्या गिरणीच्या इमारतीत. ग्राँ मुलाँ द पारी. गिरणी बंद झाल्यावर भिंती ठेवल्या, आत वाचनालय आणि वर्ग केले. परळच्या गिरण्यांचं काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून असेल, पण इथे रोज आत शिरताना मला बरं वाटतं. गिरणीच्या जागी निदान मुलं शिकतात.

परतताना र्‍यू वॅटमधून आले. रुळांखालून जाणारा हा रस्ता. बाजूचा फुटपाथ उंचावर, आणि छत इतकं खाली की उंच माणसाने टोपी सांभाळावी. लेखक-गायक बोरिस व्हियाँने या रस्त्यावर गाणं लिहिलं होतं. आता दिवे लावलेत, स्वच्छ केलाय, वरचा बराच भाग बदललाय. तरी मधल्या खांबांच्या रांगेत उभं राहिलं की आपल्या पावलांचा आवाज थोडा उशिरा परत येतो. पाठलाग इथे का रंगतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

मंगळवार

आमच्या मजल्यावरच्या मादामना जिन्यात पुस्तक दाखवलं. ऐंशीच्या पुढच्या, जन्म याच वॉर्डातला, वडील साखर कारखान्यात. मालेचं नाव ऐकून त्यांनी मला सरळ घरात बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही धुक्याचं वाचलंत, पण त्या पुलावर वासही होता. शीतगृहांचा, कोळशाचा. आणि खालून गाडी गेली की लोखंड पायातून गुडघ्यापर्यंत यायचं. मी मुद्दाम थांबायचे, आई हात धरून ओढायची." शीतगृहांची ती इमारत अजून आहे. आता तिथे चित्रकार आणि शिल्पकारांचे स्टुडिओ आहेत, लोक तिला ले फ्रिगो म्हणतात.

मी विचारलं, बुर्माला हा भाग इतका का नकोसा वाटतो? पुस्तकभर तो तेराव्यावर चिडलेला आहे. त्यांनी खांदे उडवले. "तो इथे गरीब होता ना."

मालेचं आयुष्य नीट वाचलं तर त्यांचं म्हणणं अगदी पटतं. जन्म 1909, मोंपेलिए. सोळाव्या वर्षी, 1925 मध्ये, पॅरिसला आला. मोंमार्त्रमधल्या एका कॅबरेत गाणी म्हटली, पुलाखाली झोपला, आणि तोल्बियाक रस्त्यावरच्या अराजकवाद्यांच्या शाकाहारी वसतिगृहात राहिला. म्हणजे लनांतेचं ते वसतिगृह खरं. पुढे कवी आंद्रे ब्रतोंच्या सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि अचेतन मनातून लिहिणाऱ्या, मंडळीत कविता, मग युद्ध, जर्मनांच्या कैदेत छावणी. पहिली बुर्मा कादंबरी 1943 ची, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाची. वॉर्डांची मालिका सुरू झाली तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता आणि शहर त्याने पायांनी, रिकाम्या पोटाने पाहून झालं होतं.

म्हणूनच त्याचे पत्ते पर्यटकाच्या पत्त्यांपेक्षा वेगळे वाटतात. कुठल्या बाकावर पोलीस उठवत नाहीत, कुठल्या खानावळीत एका कॉफीवर दोन तास बसू देतात, कुठल्या दारात वारा लागत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं हे शहर. खून आणि खुनी त्याने कल्पनेतून आणले. उपासमार आणायला त्याला कुठे जावं लागलं नाही. मला या मालिकेबद्दल काही म्हणायचं असेल तर एवढंच.

गुरुवार

मनात टोचत होतं ते आज लिहिते. मालेच्या पुस्तकांत जिप्सींबद्दल, अरबांबद्दल, ज्यूंबद्दल जी भाषा येते ती वाचवत नाही. बेलिता ही जिप्सी मुलगी या कादंबरीचा जीव आहे, तिच्यावर लेखकाची माया आहे, आणि तरी तिच्या टोळीतली माणसं साचेबंद आहेत. उतारवयात तर माले अरबांविषयी जाहीरपणे विखारी बोलला. भुकेने माणूस दुसऱ्या भुकेल्याला ओळखतोच असं नाही. हे माहीत असूनही मी त्याला वाचणार, पण त्या जागा डोळे मिटून ओलांडणार नाही.

आणि त्याच लेखकाने 1958 मध्ये रू दे रोझिएवर, चौथ्या वॉर्डातल्या ज्यू वस्तीवर, कादंबरी लिहिली. एका चित्रकाराच्या घरी ज्यू तरुणीचं प्रेत सापडतं, आणि धागा मागे युद्धाच्या दिवसांत जातो. 1942 च्या जुलैमध्ये फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि परिसरात 13 हजारांवर ज्यूंना पकडलं, त्यातल्या हजारोंना, मुलाबाळांसह, पंधराव्या वॉर्डातल्या सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियमात कोंडलं. 1958 मध्ये फ्रान्समध्ये या विषयावर फार कमी लोक बोलत होते. ते स्टेडियम 1959 मध्ये पाडून टाकलं, मालेची वॉर्डमालिका थांबली त्याच वर्षी.

शनिवार

सकाळी यादी केली. न लिहिलेले वॉर्ड पाच: सातवा, अकरावा, अठरावा, एकोणिसावा, विसावा. सातव्याचं समजू शकते, आयफेल टॉवर आणि मंत्रालयं; बुर्माला तिथे कोण विचारणार. पण अठरावा म्हणजे मोंमार्त्र, जिथे हा पोरगा सोळाव्या वर्षी गात होता. आणि एकोणिसावा-विसावा म्हणजे बेलव्हिल, मेनिलमोंताँ, कामगारांचं पॅरिस. बुर्माला त्या चढावरून हाशहुश करत जाताना, कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाइप पेटवताना मला पाहायचं होतं. त्या पाच पुस्तकांची मला खरीखुरी हळहळ वाटते.

पुढचं वाचायला पंधरावा घेतलाय, तिथल्या जावेल भागातला. सित्रोएनच्या कारखान्यातला एक कामगार नाहीसा होतो. कारखाना सत्तरच्या दशकात हलला, त्या जागी 1992 पासून सित्रोएनच्याच नावाची मोठी बाग आहे. मादाम म्हणतात, त्यांचा नवरा तिथे मोटारींना दारं बसवायचा, कारखान्याचं मुख्य फाटक कुठे होतं ते त्या दाखवतील. गुडघे बरे असले तर पुढच्या रविवारी दहा नंबरच्या मेट्रोने जायचं ठरलंय. तोपर्यंत त्यांना तार्दीचं चित्रांचं पुस्तक वाचायला दिलंय, आणि त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवून दोन दुकानांची नावं सांगितली, ती मी इथेच समासात लिहून घेतली आहेत.