आर्क्टिक सर्कल ट्रेल : कनू सेंटर गाठलं

पश्चिम ग्रीनलंडमधला कांगरलुस्सुआक ते सिसिमिउत हा साधारण 160 किमीचा ट्रेल. वाटेवरच्या कनू सेंटर नावाच्या झोपडीत बसून हे लिहितोय, रेंज थेट सिसिमिउतला मिळेल तेव्हा टाकेन. झोपडी फुकट, बुकिंगची भानगड नाही, जो आधी येईल त्याची.

वाट चुकायची भीती फारशी नाही. दगडांच्या राशींवर लाल अर्धवर्तुळ रंगवलेलं असतं, काहींवर रेनडिअरची शिंगंही खोचलेली. कस्तुरी बैल मात्र लांबूनच बघा. पूर्व ग्रीनलंडमधून 1960च्या दशकात त्यांना इथे आणून सोडलं, आता चांगलेच फोफावलेत.

कालचा दिवस अमित्सोर्सुआक तलावाच्या काठाने. तलाव सुमारे 20 किमी लांब. काठावर कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, पडलेल्या असतात, ज्याला सापडेल त्याने वापरायच्या. आधीचा माणूस जिथे सोडून गेला तिथेच कनू, आणि वल्हं असेलच असं नाही. दोन डॅनिश काकांना कनू मिळाली, पण वल्हं एकच. दुसऱ्याने फळीचा तुकडा घेतला. गाणी म्हणत, हात हलवत दोघे आमच्या पुढे गेले. अर्ध्या तासाने वारा फिरला, आणि तीच कनू, तेच गाणं, उलट्या दिशेने आमच्या समोरून मागे गेलं! काठावरचा रेनडिअर चरायचं थांबून बघत राहिला. सगळ्यात मोठ्याने हसत होते ते काकाच. असे सोबती भेटले की पाठीवरचं ओझं जाणवत नाही. कनू मिळालीच तर उतरल्यावर पाण्यापासून लांब ओढून पालथी घाला, नाहीतर वारा घेऊन जातो.

डास! खालची जमीन कायम गोठलेली, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरत नाही, जागोजागी डबकी साचतात. जुलैत डोक्यावरची जाळी काढायची सोय नाही. रात्री जेवताना एका काकांनी लापशीचा चमचा जाळीसकट तोंडाला लावला, लापशी जाळीवरच थापली गेली. मग जाळी हनुवटीपाशी उचलायची, घास आत, जाळी खाली, हे तंत्र सगळ्यांनीच उचललं. डास नको असतील तर ऑगस्टच्या शेवटी या. पण मग मध्यरात्रीचा सूर्य मिळणार नाही, आणि तो मला सोडवत नाही.

उद्या इक्काट्टूकची चढण, मग इटिन्नेक नदी. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर लांबचा वळसा घेऊन पुलावरून जायचं ठरलंय. काकाही बरोबर येतायत, फळी घेऊन.