डबा स्वतःलाच नाही म्हणत होता

परवा रात्री रिकाम्या खोलीत एक मशीन स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच नकार देत बसलेलं बघितलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

काम तसं साधं. टेबलावर ठेवायचा डबा, त्यात माईक आणि स्पीकर, माणसाने नुसतं बोलून अपॉइंटमेंट घ्यायची. आत चार तुकडे: कोणी बोलतंय का हे ओळखणारा व्हीएडी, आवाजाचे शब्द करणारं व्हिस्पर, पुढे काय विचारायचं ते ठरवणारा डायलॉग मॅनेजर आणि मजकूर वाचणारं टीटीएस. लोकांना वाटतं यात एआय अवघड असणार. माझे पहिले दोन दिवस पायऑडिओला (पायथनमधून माईक-स्पीकर चालवणारी लायब्ररी) ती ज्यावर उभी आहे त्या पोर्टऑडिओची फाईल सापडत नाही आणि रीबूट केलं की साउंड कार्डाचा नंबर बदलतो यातच गेले (कार्ड नंबराने पकडायचं नाही, नावाने पकडायचं, पण हे एकदा रडल्याशिवाय कोणी शिकत नाही).

माईकच्या बाजूवर मात्र मी जीव ओतला होता. माईक ४८००० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने), व्हिस्परला लागतात १६०००, व्हीएडीला १०, २० किंवा ३० मिलिसेकंदांचेच तुकडे चालतात, म्हणजे ३० चा तुकडा बरोब्बर ९६० बाइट, एक बाइट कमी पडला तरी एरर. हे सगळं घासूनपुसून बसवलं. स्पीकरच्या बाजूला काय, आवाज येतोय ना, झालं.

टेस्टिंगला सगळे प्रश्न नीट जायचे, फक्त शेवटी तारीख, वेळ, नाव सगळं वाचून दाखवून ‘हे बरोबर असेल तर हो, नसेल तर नाही सांगा’ म्हटलं की माणसाने तोंड उघडायच्या आत बुकिंग रद्द. लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदींमध्ये, स्वच्छ लिहिलेलं, युजर म्हणाला: नाही. सगळ्यांनी लगेच व्हिस्परला धरलं, कारण ते शांततेतसुद्धा मनाने वाक्यं रचतं हे खरंच आहे. आमच्या टीमची सवयच आहे, कारण माहीत नसलं की मॉडेल बदला. एकाने व्हिस्परचं छोटं ‘स्मॉल’ मॉडेल काढून मोठं ‘मीडियम’ टाकलं, त्याने उत्तर उशिरा यायला लागलं आणि ‘नाही’ आणखी सुवाच्य आलं.

मला खटकत होतं ते वेगळंच. व्हिस्पर ‘इथे बोलणं नसावं’ याचाही एक आकडा देतं, तो जवळपास शून्य होता. म्हणजे ते रचत नव्हतं, काहीतरी ऐकत होतं.

रात्री सगळे गेल्यावर फक्त तोच प्रश्न परत परत विचारणारी स्क्रिप्ट लावली आणि पाणी आणायला गेलो. परत येतो तर खोलीत कोणी नाही आणि लॉगमध्ये ‘नाही’ची रांग. शेवटी माईकचा आवाज फाईलमध्ये उतरवला, हेडफोन लावले, आणि आमचीच बाई, म्हणजे टीटीएसचा आवाज, ऐकू आली: ‘नाही सांगा.’

झालं असं होतं की डबा बोलत असेपर्यंत आम्ही माईक बंद ठेवतो. इको कॅन्सलेशन (माईकमध्ये शिरलेला स्वतःचाच आवाज वजा करणं) करायला वेळ मागितला होता, ‘पुढच्या फेजमध्ये’ हे ठरलेलं उत्तर मिळालं. माईक कधी उघडायचा हे डायलॉग मॅनेजर बाइट मोजून ठरवतो. आदल्या आठवड्यात आवाज बदलला होता. जुना २२०५० हर्ट्झचा, नवा २४००० चा. टीटीएस इमानदारीत २४००० सांगतं, मॅनेजर मोजलेले बाइट त्याच हिशोबाने भागून वाक्य किती वेळ वाजेल ते काढतो. पण सुरुवातीचा उशीर कमी व्हावा म्हणून मी मोठ्या हुशारीने डब्ल्यूएव्ही फाईलचं ४४ बाइटचं हेडर (ज्यात हा हर्ट्झचा आकडा लिहिलेला असतो) कापून कच्चा आवाज प्लेयरला पाठवत होतो, आणि प्लेयरमध्ये मीच हाताने २२०५० लिहून ठेवलं होतं. त्यामुळे १२ सेकंदांचं वाक्य वाजायचं १३ च्या किंचित वर. तीन सेकंदांच्या प्रश्नात फरक पाव सेकंदाचा, तो माझ्या ३०० मिलिसेकंदांच्या मार्जिनमध्ये गिळला जायचा. लांब वाक्यात मात्र माईक आधीच उघडायचा आणि शेपूट आत शिरायचं. शेपटात नेमका ‘नाही’.

प्लेयर २४००० केला, आणि माईक आता मोजणीवर नाही तर स्पीकरचा बफर (वाजायचा राहिलेला आवाज) खरंच रिकामा झाला की उघडतो. दहा ओळींचं काम. मॉडेलवाल्यांना सांगितलं तर म्हणे आम्हाला वाटलंच होतं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन. रद्द होणं थांबलं, छान, पण बाई का बदलली? आधीची जरा जाड आवाजाची, शांतपणे बोलायची, लोकांना समजायचं, ही घाईत असल्यासारखी वाटते. आता काय सांगू, ती वेगळी बाई नव्हतीच, आठ टक्के हळू वाजणारी हीच होती. टीटीएसमध्ये वेग ०.९२ करून बघितला, हळू झाली पण आवाज खाली येईना, त्यांना ऐकवलं तर म्हणाले ही ती नाही. आणि तोच आवाज आठवडाभर ऐकूनही त्यात काहीतरी खटकतंय हे माझ्या कानांना एकदाही कळलं नव्हतं.

माईक आता मोजणीवर नाहीच, त्यामुळे प्लेयरचा रेट मुद्दाम परत चुकीचा ठेवता येईल, पाच मिनिटांचं काम आहे. अजून केलेलं नाही. २२०५० ची ओळ कॉमेंट करून (कोडमध्ये आहे पण चालत नाही अशी) ठेवलीय, पुसलेली नाही.