लढाईचा रेडिओ? डायल म्हणते नाही

लेस्टरच्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायचा बाजार) एका आजोबांनी ‘लढाईच्या काळातला आहे’ म्हणत हा रेडिओ पंधरा पौंडांना माझ्या गळ्यात मारला. छोट्या सुटकेसएवढी पेटी, हिरवट रेक्झिन, नावाचा बिल्ला गायब. झाकणातल्या फ्रेम एरियलची (चौकटीवर गुंडाळलेल्या तारेच्या अँटेनाची) तुटलेली तार मागेच जोडली होती. या आठवड्यात पक्कड बाजूला ठेवली आणि भिंग हातात घेतलं, साल शोधायला.

आधी डायल बघायची. व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) कुणीही बदलतं, डायलची काच सहसा कुणी बदलत नाही. माझ्या काचेवर ‘लाइट’ छापलंय. बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम सुरू झाला २९ जुलै १९४५ला, म्हणजे युरोपातली लढाई आटोपल्यावर. आजोबांची गोष्ट तिथेच निकालात निघाली. पुढची गंमत मात्र आकड्यांत आहे. १५ मार्च १९५०ला कोपनहेगन योजना लागू झाली आणि युरोपभर मीडियम वेव्हच्या स्टेशनांनी जागा बदलल्या. लाइट २६१ मीटर तरंगलांबीवरून २४७वर आलं, बीबीसीचाच थर्ड प्रोग्रॅम ५१४वरून ४६४वर, लंडनची होम सर्व्हिस ३४२वरून ३३०वर. काटा एकेका नावावर आणून मीटरची पट्टी वाचली, तिन्ही नावं नव्या जागी. शिवाय दोनशेच्या किंचित पुढे ‘लक्झेंबर्ग’, म्हणजे रेडिओ लक्झेंबर्ग. ते २०८ मीटरवर आलं जुलै १९५१मध्ये, त्याआधी त्याचा मुक्काम लाँग वेव्हवर. (आपल्याकडे सिलोन लावायचे, तसं इथली पोरं संध्याकाळी लक्झेंबर्ग लावायची.) एकही स्क्रू न काढता १९५१पर्यंत पोचलो.

व्हॉल्व्हनी मात्र घोळ घातला. आत डीके९६, डीएफ९१, डीएएफ९६ आणि डीएल९६. ९१ची मालिका आधीची, तिचं फिलामेंट (व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार) ५० मिलीअँपिअर खातं. ९६ची मालिका १९५३-५४च्या सुमाराची, तिथे बहुतेकांचं २५वर भागतं. मग हा एकटा डीएफ९१ इथे काय करतोय? डीएफ९१ आणि डीएफ९६च्या पिना सारख्याच, तेव्हा जळालेल्याच्या जागी कुणीतरी हाताला लागेल तो खोचला असणार. उलटी शक्यताही तपासली: सेट मुळात ९१चाच असेल आणि बाकीचे तीन नंतर आले असतील तर? पण डीके९१च्या जागी डीके९६ नुसता खोचून चालत नाही, सॉकेटचं वायरिंग बदलावं लागतं. त्या सॉकेटवरचे सोल्डरचे डाग कारखान्यातलेच दिसतात, एकसारखे आणि धूळ बसलेले. तिथे मुळात जुना डीके९२ तर नव्हता, ही शंका उरते, कारण त्याच्या पिना ९६सारख्याच. ती मिटवली स्पीकरने. चुंबकामागे पुसट जांभळा शिक्का आहे, मार्च १९५५. स्पीकर रिव्हेटने बसवलेला आहे, म्हणजे मूळचाच. सेट १९५५चा धरतोय. पुढच्याच वर्षी इथे पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, पॅम ७१०, बाजारात आला आणि या पेट्यांची घरघर सुरू झाली.

मग वीज. एचटीला (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा जास्त व्होल्टेजचा पुरवठा) नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडून ९० व्होल्ट केले, फिलामेंटला दीड व्होल्टचा एक जाडा सेल. या सेटांत हे दोन प्लग चुकून अदलाबदल झाले की चारही फिलामेंटं एका क्षणात खलास, म्हणून एचटीच्या वायरीला लाल टेप गुंडाळली आणि आधी नुसता सेल लावला. मल्टिमीटरवर १५० मिलीअँपिअर. बेरीज जुळते: २५, ५०, २५ आणि डीएल९६चे ५०. चौघंही जिवंत. एचटी लावल्यावर खरखर आली, स्टेशन नाही. डीएल९६च्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीवर) व्होल्टेज चढलेलं सापडलं, म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून नुसता सिग्नल पुढे सोडणारा कपलिंगचा कंडेन्सर गळतोय. तो बदलणार आहेच, पण स्टेशन न लागण्याचं कारण तो नसावा. संशय ऑसिलेटरवर, म्हणजे स्टेशन पकडायला सेटच्या आतच लहरी तयार करणाऱ्या भागावर.

राहिलं नाव. झाकण काढल्यावर टॉर्च तिरका धरला, तर बिल्ल्याच्या जागी रेक्झिन अजून गडद, एकमेकांना जोडून लिहिलेली पाचेक इंग्रजी अक्षरं बसतील एवढीच पट्टी. एव्हर रेडीची नऊ, रॉबर्ट्सची सात; केंटमधल्या एरिथच्या विडॉरची पाच. विडॉर मूळची बॅटरीवाली कंपनी, एव्हर रेडीसारखीच: रेडिओ एकदा विकायचा, बॅटऱ्या वर्षानुवर्षं. (ही ब्रिटिश एव्हर रेडी वेगळी बरं का, आपली मांजरवाली एव्हरेडी मूळची युनियन कार्बाइडची.) अक्षरं मोजून कंपनी ठरत नाही, म्हणून त्या वर्षांच्या विडॉर सेटांच्या ट्रेडर सर्व्हिस शीट (दुरुस्तीवाल्यांसाठीची माहितीपत्रकं) मागवल्यात. चासीचा (आतल्या सांगाड्याचा) फोटो काढून ठेवलाय. शीट आल्या की कॉइलच्या जागा शेजारी ठेवून ताडून बघतो.