सातवी सही

आमचं कॉलेज सोडायचं तर नो ड्यूजच्या कागदावर सात सह्या लागतात. ग्रंथालय, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जिमखाना, लेखा विभाग आणि शेवटी शिष्यवृत्ती. ती शेवटची खिडकी माझी. माझी सही झाली की कागद टीसीच्या टेबलावर जातो आणि दुसऱ्या दिवशी दाखला तयार होतो.

सप्टेंबरातला मंगळवार होता. पावणेदोन वाजले होते, जेवायला उठणारच होते, तेवढ्यात एका मुलीने खिडकीतून कागद आत सरकवला. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, प्रवेश घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. कागद चार घड्या घालून मुठीत धरलेला, त्यामुळे घामाने कडेला मऊ पडला होता. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’. सहाही सह्या त्याच दिवशीच्या. म्हणजे सकाळपासून ती सहा टेबलांवर जाऊन आली होती, सहा मोठ्या माणसांनी तिच्या हातातला हा कागद वाचला होता, आणि एकानेही ‘का गं सोडतेस?’ एवढं विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नसतंच. पेन उघडून झालं होतं.

पण सही करण्याआधी मला लॉगिनमध्ये विद्यार्थ्याचं नाव टाकून बघावं लागतं, कारण महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज चालू असेल तर तो आधी बंद करावा लागतो. नाव टाकलं. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, अर्जाची स्थिती ‘सेंड बॅक’. खाली शेरा होता, तोही इंग्रजीत: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे, नवा जोडा. शनिवार, रात्री पावणेदहाची वेळ. शेरा माझाच होता. त्या रात्री घरी बसून मी चाळीसेक अर्ज तपासले होते.

“नवा दाखला जोडला नाहीस का बाळा?”

“फॉर्म परत आला ना मॅडम.”

“परत आला म्हणजे?”

“नामंजूर झाला. नेटवाले दादा म्हणाले, तुझा फॉर्म परत आलाय.”

जे या कामात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज पहिल्यांदा माझ्याकडे येतो. मी कागद तपासते, मग तो प्राचार्यांच्या लॉगिनला जातो आणि तिथून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे. कुठे काही चुकलं असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत धाडायचा, त्याला सेंड बॅक म्हणतात. नामंजुरीचं बटण वेगळं, आणि ते मी वर्षातून फार थोड्या वेळा दाबते. उलट सेंड बॅक झाला म्हणजे अर्ज जिवंत आहे, फक्त एक कागद बदलायचा आहे. आम्ही दिवसभर आपसात ‘याचा सेंड बॅक झाला, तिचा सेंड बॅक झाला’ असं बोलत असतो. हा शब्द बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या मुलीच्या कानावर कसा पडत असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

तिला आत बोलावून खुर्ची दिली. हळूहळू सगळं कळलं. आईवडील ऊसतोडीला जातात. यंदाची उचल घेऊन झालेली आणि ती घराच्या पत्र्यांत गेलेली. शिष्यवृत्ती मिळणार या हिशोबावर तिला शहरात पाठवलं होतं. ती मिळणार नाही म्हटल्यावर मेस आणि खोलीचं भाडं वडिलांवर टाकायचं नाही, असं तिचं तिने ठरवलं. घरी सांगितलंही नव्हतं. वडिलांना कळलं तर ते मुकादमाकडून आणखी उचल घेतील, ही तिला भीती. म्हणून आधी दाखला काढायचा आणि मगच गावी जायचं.

अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने केलेला हा विचार. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, फक्त ज्या बातमीवर तो उभा होता ती बातमी खोटी होती.

मग दुरुस्तीला लागलो. तिच्या अर्जाला जोडलेला उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. नवा तहसीलमधून काढायचा तर पंधरा दिवस धरावे लागतात. मी विचारलं, घरात शाळेत जाणारं कोणी आहे का? धाकटा भाऊ आहे. त्याच्यासाठी जूनमध्ये दाखला काढला होता का? काढला होता. तो दाखला वडिलांच्या नावाने असतो, उत्पन्न कुटुंबाचं असतं, त्यामुळे एकाच दाखल्यावर दोन्ही भावंडांचं भागतं. हे पालकांना कोणी सांगत नाही, आणि माणसं एकाच कागदासाठी दोनदा मजुरी बुडवून तालुक्याला जातात. भावाने दाखल्याचा फोटो पाठवला, त्यावरच्या क्रमांकाने मूळ प्रत उतरवून घेतली.

पुढचा अडथळा ओटीपीचा. तिच्या अर्जात मोबाइल नंबर नेटकॅफेवाल्याचा होता. पासवर्डही त्यालाच माहीत. मोसमात अशी पोरं दीडशे-दोनशे अर्ज भरतात, घरात साधा बटणांचा फोन असला की आपलाच नंबर टाकून मोकळी होतात. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. फोन केल्यावर त्याने लगेच ओटीपी सांगितला, नंबर बदलू दिला. पण सरकारचा प्रत्येक निरोप आधी त्याच्या दुकानात पोचायचा आणि त्याला जमेल तसा पुढे जायचा. ‘सेंड बॅक’चं ‘परत आलाय’ झालं ते तिथेच. शब्दाला शब्द लावला तर तो चुकलाही नव्हता.

तिचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय तेही बघितलं. खातं उघडणं वेगळं, खात्याला आधार देणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत त्या बँकेचं नाव चढणं वेगळं. शेवटची जोडणी ज्या बँकेची, पैसे तिथेच जातात. शहरात येऊन कोणी नवं खातं उघडायला लावतं, पोरं आधार देऊन बसतात, आणि शिष्यवृत्ती भलत्याच खात्यात जमा होते. वर्ष वर्ष पोरं म्हणतात, आलीच नाही. हिचं ठीक होतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती दोन मिनिटांत दिसते.

सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तिचा अर्ज माझ्याकडून प्राचार्यांच्या लॉगिनला गेला. तो हिरवा झालेला शेरा मी तिला स्क्रीन फिरवून दाखवला. ती रडली वगैरे नाही. नो ड्यूजचा कागद उचलून विचारलं, “मग हा फाडू का?” मी हो म्हटलं. तिने फाडला नाही, घडी घालून दप्तरात ठेवला.

दारापर्यंत जाऊन ती वळली. “मॅडम, आमच्या वर्गातला एक मुलगा मागच्या आठवड्यात गेला. त्याचा पण परत आला होता.”

मी जेवायला गेले नाही. टीसीची फाइल मागवली. गुरुवारची तारीख, सात सह्या, सातवी माझी. रीतसर, तारखेसकट, खाली वेळ टाकायची मला सवय आहे म्हणून वेळही, बारा वाजून दहा. लॉगिनमध्ये त्याचा अर्ज बघितला. शनिवारी मी त्याला सेंड बॅक केला नव्हता, त्याच्या आदल्या आठवड्यात केला होता. आणि त्या गुरुवारी, नियमाप्रमाणे, त्याचा अर्ज बंदही मीच केला होता. त्याचा चेहरा आठवायचा किती प्रयत्न केला, आठवत नाही. खिडकीशी उभा राहिला असेल, कागद सरकवला असेल, मी सही करून परत दिला असेल.

अर्जातल्या नंबरवर फोन लावला. “मॅडम, आत्ताच तर ओटीपी दिला ना?” नेटकॅफेवालाच. त्याला तो मुलगा नीटसा आठवत नव्हता. प्रवेश अर्जावर वडिलांचा नंबर होता, तो बंद.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आमच्या कॉलेजात दर वर्षी नव्या मुलांचं स्वागत होतं. पाहुणे येतात, तास तासभर ध्येय, जिद्द, आकाशाला गवसणी यावर बोलतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी चुकीच्या वर्गात जाऊन बसतात. नव्या शैक्षणिक धोरणात विज्ञानाच्या मुलाला एक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, तो ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या इमारतीत असतो, हेच त्यांना ठाऊक नसतं. सत्राला २२ क्रेडिट, थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, हे गणित आम्ही फळ्यावर एकदा मांडत नाही. आकाश नंतर बघू, आधी त्यांना इमारत सांगायला हवी.

प्राचार्यांकडे दहा मिनिटं मागितली आणि पहिल्या वर्षाच्या चारही तुकड्यांत जाऊन आले. सेंड बॅक म्हणजे काय ते फळ्यावर लिहिलं. अर्जात नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा टाका, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, असं सांगितलं. शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो, पण त्यातली फी कॉलेजची असते, ती सात दिवसांत भरायची, मोबाइल घेऊन मोकळे होऊ नका. खोलीवर राहत असाल तर स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या सरकारी योजनांतलं काही लागू होतं का ते बघा. आणि शेवटी म्हटलं, तुमच्याबद्दल कोणीही काहीही सांगितलं की ते ज्या टेबलावर घडलं त्या टेबलावर येऊन एकदा विचारा. ओरडा बसला तरी विचारा. खिडकीवरच्या माणसाचं तोंड वाकडं असेल, माझंही असतं, तरी विचारा.

वर्गात एकानेही हात वर केला नाही. दुपारी खिडकीवर अकरा जण उभे होते. त्यातल्या चौघांचे अर्ज सेंड बॅक झालेले होते आणि चौघांनाही ते नामंजूर वाटत होते.

आता शेरा मराठीत लिहिते. ‘अर्ज नामंजूर नाही. अमुक कागद बदलून पुन्हा पाठव. अडचण आली तर खिडकी क्रमांक चारवर ये.’ एका अर्जाला मिनिटभर जास्त जातं. शेजारच्या टेबलावरचे म्हणतात, एवढं लिहायला आपल्याला वेळ कुठे आहे. सहा सह्या करायला मात्र होता.

त्या मुलाच्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र धाडलंय. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, तुझा अर्ज नामंजूर झालेला नव्हता, तो पुन्हा उघडून घेण्यासाठी मी समाजकल्याणला विनंती करते, तू ये. तसं पत्र कार्यालयाकडे गेलंही आहे. त्याचा दाखला शुक्रवारी तयार झाला होता, पण न्यायला तो आलेला नाही. टीसीच्या टेबलावरच्यांनी मागच्या आठवड्यात विचारलं, टपालाने पाठवून देऊ का? मी तो मागून घेतला. माझ्या वरच्या खणात आहे, परीक्षेच्या अर्जांची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत.