भरली गाडी, रिकामी गाडी : आमची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरूड या संत्र्याच्या पट्ट्यात आमचं वर्कशॉप आहे. गाड्यांचे पाटे (चाकांवरच्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप (गाडीचं डोलणं थांबवणारे शॉक ॲब्सॉर्बर) आणि अलीकडे हवेचे बेलो (हवा भरायच्या रबरी पिशव्या), एवढंच काम आम्ही करतो. सुरुवात बाबांच्या लोहारकामाच्या भट्टीवर झाली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, वखराच्या पासेला धार लावायची, विळे-कुऱ्हाडी करायच्या. मग गावोगावी मेटॅडोर आणि ट्रॅक्टर वाढले, आणि भट्टीपुढे बसलेले, तुटलेले पाटे येऊन पडू लागले.

बसलेला पाटा थंडाच पिटून कमान आणता येते, पण ती टिकत नाही. बाबा हे पहिल्यापासून सांगायचे. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं. ते साधारण 850 ते 900 अंशांपर्यंत लाल करून, कमान देऊन तेलात विझवावं लागतं आणि मग 450 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. बाबा हे रंगावरून ओळखत. मी भट्टीला तापमापक लावला तेव्हा त्यांचा अंदाज किती नेमका होता ते समजलं. दुसरी गोष्ट त्यांनी हातात भिनवली: पाट्याच्या वरच्या, आतल्या वाकाच्या अंगाला ओरखडासुद्धा पडू द्यायचा नाही. वजन आलं की ताण त्याच अंगावर येतो आणि वेल्डिंगचा एक थेंब पडला तरी चीर तिथूनच सुरू होते. पाट्यावर वेल्डिंग करा म्हणणाऱ्याला आम्ही आजही नाही म्हणतो.

2005 साली छोटा हत्ती (टाटा एस) आला आणि आमच्या धंद्याचं रूप बदललं. पाऊण टन माल नेणारी गाडी, जिथं ट्रक जात नाही तिथं जाणारी. पाठोपाठ पिकअप वाढल्या. संत्र्याचा आंबिया बहार निघाला की शेतातून पांदणीने डांबरी रस्त्यावर, तिथून मंडीत. परत येताना रिकामी किंवा खताच्या चार गोण्या. सोयाबीनच्या दिवसांत कट्टे, नंतर कापूस. शेंदूरजना घाटकडच्या नर्सरीवाल्यांची गाडी तर कलमांची, वजन नसल्यासारखीच. गाडी एकच, पण पाठीवरचं ओझं दर महिन्याला वेगळं. गाडीवाले येऊन एकच तक्रार करायचे: “भाऊ, भरली का बसते अन् रिकामी का उधयते, कराव तं काय?”

तेव्हा सगळीकडे एकच उपाय होता, पाटा वाढवा. यात एक हिशेब लपलेला आहे. पाट्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. 6 मिलिमीटरच्या जागी 8 मिलिमीटरचा पाटा घातला तरी तो सव्वादोन पटीहून जास्त ताठ. मग भरलेली गाडी बसत नाही हे खरं, पण रिकामी गाडी प्रत्येक गचक्याला उडते, आणि अर्धी भरली असेल तर खालच्या कॅरेटमधली संत्री दबतात. बाहेरून साल चांगलं दिसतं, दोन दिवसांनी डाग पडतो आणि भाव जातो. शेतकऱ्याचं वर्षभराचं काम रस्त्यात असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

फ्रान्समध्ये 1948 साली सिट्रोएन कंपनीची 2सीव्ही ही गाडी लोकांसमोर आली. तिचं उद्दिष्टच असं होतं की शेतकऱ्याने अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि अंडं फुटू नये. त्याच कंपनीने 1955 साली वजनाप्रमाणे स्वतःची उंची सावरणारी गाडी आणली. हे वाचल्यावर मला वाटलं, आपल्या संत्र्याच्या गाडीला याहून वेगळं काय हवं आहे?

तेवढी महागडी यंत्रणा इथं परवडत नाही. म्हणून आम्ही मूळ पाटे कंपनीचे तसेच ठेवतो आणि वर मदतीला एक जादा, हेल्पर पाटा देतो, ज्याचा टेकू स्क्रूच्या आट्यांवर वर-खाली करता येतो. रिकाम्या गाडीत हेल्पर मोकळा राहतो. वजन ठरावीक पातळीला आलं की टेकतो आणि तिथून पुढे साथ देतो. टेकू कुठे लावायचा हे मालावर ठरतं. एक पाना पुरतो. ज्यांना जमतं त्यांना ॲक्सल आणि चेसिसच्या मध्ये रबरी बेलो बसवून देतो. टायरसारखी हवा भरायची, माल उतरला की कमी करायची. पण रिकाम्या गाडीतही 10 पाउंडांच्या आसपास हवा ठेवायचीच, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटतं. डाव्या-उजव्या बेलोच्या नळ्या आम्ही वेगळ्या ठेवतो. कापसाची गाडी वजनाला हलकी पण उंच असते. नळ्या जोडलेल्या असल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. चिखलदऱ्याच्या घाटात हे परवडणारं नाही.

एका गोष्टीवर मी हटून बसतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. गाडी मागून बसली की व्हॉल्व्हला कळतं वजन आहे, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. आता पाटे ताठ केले, गाडी बसलीच नाही, तर व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो. मालाने भरलेली गाडी आणि मागचा ब्रेक अर्धवट! दुसरीकडून पाटे वाढवून आलेल्या अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, पुढची चाकं जाम होऊन घसरलेल्या. आमच्याकडे टेकू किंवा बेलो बसला की ती दांडी त्याप्रमाणे पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

शॉकअपकडे लोक अजून दुर्लक्ष करतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. खड्ड्याचा धक्का पाटा घेतो. लाटेवर डोलणारी गाडी थांबवायला शॉकअपच लागतो. पाटा ताठ केला तर शॉकअपही त्याच मापाचा हवा. म्हणून आता जोर कमी-जास्त करता येणारे शॉकअप ठेवतो.

आरसी बुकात लिहिलेलं वजन यातल्या कशानेही वाढत नाही. टायर, ॲक्सल, ब्रेक तेच राहतात. जास्त माल घालायचा म्हणून कोणी आला तर काम घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत कोणते बदल चालत नाहीत ते लिहिलं आहे, तेही समजावून सांगतो. काही गिऱ्हाइकं यामुळे गेली. जी राहिली त्यांची पुढची पिढी आता गाड्या घेऊन येते.

सध्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी असाच टेकू तयार करतो आहोत, मृग बहाराच्या आधी बाहेर काढायचा आहे. गाडी दाखवायला येणाऱ्यांनी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह यावं, आणि दोन्ही वेळची वजनकाट्याची पावती सोबत आणावी.