हळू चालवायला शिकतोय: नोंद सहावी

सायकलवर 44 किलोमीटर, पेडल मारण्याचा वेळ 2 तास 20 मिनिटं, सरासरी ताशी 18.9. स्वार नऊ. राईड नो-ड्रॉप होती, म्हणजे सगळ्यात हळू जाणारा जो वेग धरेल तोच सगळ्यांचा.

निघताना गारठा होता म्हणून जाड जॅकेट चढवलं आणि पाचव्या किलोमीटरला आतून भिजलो. बाकीच्यांनी बिनबाह्यांचं पातळ जाकीट आणि वेगळ्या बाह्या घातल्या होत्या, ऊन चढलं तशा काढून खिशात कोंबल्या. निघताना थोडं कुडकुडलेलंच बरं, हे मला दरवर्षी नव्याने कळतं.

आता खरी गोष्ट. जोडीजोडीने चाललो होतो आणि माझं पुढचं चाक शेजाऱ्याच्या अर्धा हात पुढे. तो बरोबरीला यायचा, मी नकळत पुन्हा पुढे सरकायचो. असं करत वेग 24 वर गेला आणि मागची रांग फाटली. शेवटून सगळ्यांवर लक्ष ठेवणारे काका वर आले नि म्हणाले, "घाई असेल तर खुशाल पुढे जा, पण सगळ्यांना ओढू नकोस." मला वाटत होतं मी निवांत चालवतोय!

मग मागे गेलो, तर तिथे दुसरीच परीक्षा. पुढचा जरा मंदावला की माझा हात ब्रेकवर, आणि तो धक्का शेवटच्यापर्यंत वाढत जातो. शिवाय चाकाला चाक चिकटवून मिळतं काय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 19 ला पुढच्याच्या आडोशाचा फायदा तसा थोडकाच. एक सायकलभर अंतर सोडलं, पेडल हलकं केलं, नजर पुढच्याच्या चाकावरून काढून दोन जण पलीकडे ठेवली. सपाटीवर फक्त 11 वेळा ब्रेक दाबला. मागच्या राईडला मोजणं सोडून दिलं होतं.

झाडांखालच्या उतारावर ओल्या पानांचा थर होता. ब्रेक वळणाआधीच, सायकल सरळ असताना. वळणात फक्त तोल. 28 मिलिमीटरच्या टायरात हवा 75 वरून 65 पीएसआय केली होती, पकड जाणवण्याइतकी सुधारली. अर्थात पानांवर कुठलाच टायर भरवशाचा नाही. ऊन तिरपं आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर, म्हणून मागचा दिवा दिवसाही चालू ठेवला.

एक पंक्चर झालं. ट्यूब बदलणारा एक, सल्लागार सात.

शेवटचे दहा किलोमीटर खालून किरकिर येत होती. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, गेला या काळजीत घरी पोचलो. सायकल उलटी केली, तर मागच्या मडगार्डात पानाचा एक देठ अडकलेला.